पाल, आणि आधीच लिहिलेली ओळ

एखाद्या कागदावर तुमचं नाव आहे, खाली तुमचा अंगठा आहे, आणि त्यातलं एकही वाक्य तुमच्या तोंडचं नाही, असं तुमच्या बाबतीत कधी झालं आहे का? लगेच "नाही" म्हणू नका. तुम्हाला माहीत नसेल. त्या म्हातारीलाही माहीत नव्हतं.

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत रस्त्यावर उभा राहिलो. त्यांतल्या पुष्कळ गोष्टी आता पुसट झाल्या आहेत. मुठीत मावेल एवढ्या एका चांदीच्या डबीची केस मात्र काल घडल्यासारखी डोळ्यांसमोर येते. त्या केसमध्ये मी कोणावर हात उचलला नाही, कोणाकडून काही घेतलं नाही, खोटा साक्षीदार उभा केला नाही. तरीही एक निरपराध माणूस माझ्या हवालातीत अकरा दिवस बसून होता.

हैदराबाद संस्थान भारतात आल्यानंतरची ती दोन-तीन वर्षं. मी चोवीस वर्षांचा होतो. शाळेत असताना निजामाच्या राजवटीविरुद्धची पत्रकं भाकरीच्या फडक्यात लपवून मी सरहद्दीपलीकडून आणली होती. वाटायच्या आधी ती इतक्यांदा वाचत असे की पाठ होत. रयतेचं ऐकणारं राज्य आणायचं, हे त्यांत पुन्हा पुन्हा येई. ते राज्य आलं तेव्हा वाटलं, आता ऐकायचं काम आपण करायचं. पोलिसात अर्ज केला आणि अमीन झालो. अमीन म्हणजे आजचा सब-इन्स्पेक्टर. पहिलं ठाणं मिळालं ते बीदर आणि गुलबर्गा जिल्ह्यांच्या शिवेवरचं. त्याचं नाव लिहीत नाही. मन्नाएखेळ्ळीहून बैलगाडीने अर्ध्या दिवसाची वाट होती एवढं पुरे.

ठाणं तांबड्या जांभ्या दगडाचं. पुढे कचेरी, बाजूला हवालात, मागे शिपायांची चूल आणि एक जुनं जातं. माझ्या हाताखाली कन्नड बोलणारा एक लिंगायत जमादार, लिहिण्याच्या कामाला उतारवयाचे मुसलमान मुन्शीजी, आणि सहा शिपाई. राज्य बदललं होतं, दप्तर बदललं नव्हतं. रोजनामचा उर्दूत, जबाब उर्दूत, चालान उर्दूत. मी शाळेत उर्दू शिकलेला होतो. म्हणजे मला वाचता येत नव्हतं ही सबब माझ्याकडे नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मुन्शीजींचं अक्षर मोत्यासारखं होतं. काम नसलं की ते कोऱ्या कागदांची चवड पुढे घेत आणि प्रत्येक कागदाच्या तळाशी एक ओळ लिहून ठेवत: "पढ़कर सुनाया गया, दुरुस्त तस्लीम किया." म्हणजे, वाचून दाखवलं, बरोबर असल्याचं कबूल केलं. कोणाचा जबाब घ्यायचा झाला की त्यातला एक कागद काढायचा, वरची मोकळी जागा भरायची आणि त्या ओळीखाली अंगठा घ्यायचा. तपासातल्या जबाबावर अंगठा घेण्याची खरं तर गरज नसे, पण आमच्या ठाण्याची रीत होती. वाचून दाखवायचं काम त्या ओळीनेच करून टाकलेलं असे. मी रुजू झालो तेव्हा हे पाहिलं आणि अक्षराचं कौतुक केलं. दुसरं काही मनात आलं नाही.

आता एक गमतीची गोष्ट सांगतो, कारण पुढे तिचा संबंध आहे. एका दुपारी मुन्शीजी रोजनामचा लिहीत होते आणि वाशावरून एक पाल थेट वहीवर पडली. मुन्शीजी दौत सांडून उभे राहिले.

जमादार म्हणाला, "पाल पडली मुन्शीजी. पंचांगात डोक्यावर पडल्याचं फळ दिलंय, खांद्यावर पडल्याचं दिलंय. सरकारच्या वहीवर पडल्याचं कोण सांगंल?"

"ये छिपकली हौ भाई," मुन्शीजी शाई पुसत म्हणाले. "हमारे घर में पाल बोले तो गवतात घातलेले आंबे."

औरादकडची बायको असलेला एक शिपाई होता. तो म्हणाला, "माज्या सासूला पालु म्हटलं की ती चरवी घिऊन उठती. त्येंच्या तेलगूत ते दूध."

"आमच्या कन्नडात पालु म्हंजे वाटणी," जमादार म्हणाला. "भाऊभाऊ भांडतेत ते पालुसाठीच."

मी खिडकीतून बोट दाखवलं. ओढ्याकाठी फिरस्त्यांची चार पालं उभी होती. "आणि ते काय आहे?"

मुन्शीजी हसले. "तो अमीनसाब, एक छिपकली गिरी, और घर, दूध, आंबे, वाटणी, सब आ गया. अब बोलो, दौत कौन भरून देगा?"

सगळे हसले. सांगायचं ते इतकंच, की त्या एवढ्याशा शब्दाचे किती अर्थ आहेत हे आम्हा सर्वांना ठाऊक होतं. त्या मुलखात ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बोलणारा कोण आहे ते बघायचं आणि समजून घ्यायचं, नाही समजलं तर विचारायचं. बाजारात कधी कोणाचा घोटाळा होत नाही.

ओढ्याकाठच्या त्या पालांत जात्याला टाकी लावणारी कुटुंबं होती. नवी जवारी घरात आली की ही माणसं गावोगाव फिरत, गुळगुळीत झालेली जाती-पाटे टाकीने खरबरीत करून देत आणि त्याबद्दल धान्य घेऊन पुढच्या गावाला जात. फिरस्त्यांनी गावात आल्याची आणि गेल्याची वर्दी पोलीस पाटलाकडे द्यायची अशी सक्ती होती. न दिली तर संशयाला तेवढं कारण पुरे.

ती पालं पुढे ज्या बाजूला गेली, तिकडच्या एका गावचे पोलीस पाटील पंधरवड्याने ठाण्यावर आले. त्यांच्याबरोबर एक चाळिशीचा लिंगायत शेतकरी होता. आठ दिवसांपूर्वी त्याचे वडील वारले होते. त्यांची करडगी घरातून नाहीशी झाली होती. करडगी म्हणजे लिंगायतांच्या गळ्यात असते ती इष्टलिंगाची चांदीची डबी. म्हाताऱ्याची करडगी तीन पिढ्यांची, जड आणि नक्षीची होती.

"घरात बाहेरचं कोण आलं होतं?" मी विचारलं.

"मातीला सगळं गावच आलतं," तो म्हणाला. "पर त्येच्यामागून एकच. टाकीवाला. आईनं जातं टाकवून घेतलं."

पाटील पुढे झाले. "आन् दुसऱ्या दिशी पालं उठली, साहेब. मला वर्दी न्हाई, काई न्हाई."

"तुम्ही घरी होतात का?"

"बाजारला गेलतो," पाटील म्हणाले. "पर म्हणून काय झालं? थांबायचं व्हतं."

दुपार टळायच्या आत आम्ही निघालो. पुढच्या गावच्या माळावर पालं सापडली. झडती घेतली. गोधड्या, मडकी, धान्याची गाठोडी, पाच टाक्या आणि एक हातोडा. चांदी नाही. शिपायांनी पालाखालची जमीनही उकरली. टाकीवाला पस्तिशीचा, किडकिडीत, हाताच्या पाठीवर दगडाच्या कपच्यांनी झालेले बारीक वण. तो आणि त्याची बायको बाजूला उभे राहून आपलं घर उकरलेलं बघत होते. मी त्याला धरून ठाण्यावर आणलं.

चौकशी मी स्वतः केली. जमादाराने नेहमीच्या सवयीने पट्टा सैल केला तेव्हा मी त्याला बाहेर घालवलं. अंगाला हात लावायचा नाही, हा माझा नियम होता आणि त्याचा मला फार अभिमान होता.

"करडगी कुठं आहे?"

"म्या दगडाला हात लावतो साहेब. देवाला न्हाई."

"घरात किती वेळ होतास?"

"सकाळच्या न्याहारीपस्तोर. म्हातारी समोरच बसलेली व्हती. टाकी लावताना घरधनीण समोर बसतीच. ती उठली की आमची टाकी थांबती. कुठं पीठ अडतंय, कुठं घसरतंय, ते तिलाच ठावं असतंय."

"मग न सांगता पळालास कामून?"

"पाटील न्हवते. दोन बारी गेलो त्येंच्या दारात. पोटाला धान्य घावायचं तर पुढलं गाव गाठावं लागतंय."

तीन दिवस मी तेच प्रश्न फिरवून फिरवून विचारले आणि त्याने तीच उत्तरं दिली. खोटं बोलणाऱ्याचं उत्तर दरवेळी थोडं सजत जातं, हे पुढे अनुभवाने मला कळलं. याचं उत्तर पहिल्या दिवशी होतं तेवढंच राहिलं. त्या वयात मला तो हट्ट वाटला.

मला म्हातारीचा जबाब हवा होता. मॅजिस्ट्रेटपुढे कोठडी वाढवून मागायची होती, आणि टाकीवाला आला तेव्हा घरात असलेलं माणूस ती एकटीच. जमादार आणि मुन्शीजी गावाला जाऊन आले. कागद माझ्या टेबलावर आला. त्यात लिहिलं होतं: माझ्या नवऱ्याची करडगी देवळीत होती. टाकीवाला आला तेव्हा मी पाणी आणायला आत गेले. तो गेल्यावर डबी दिसली नाही. डबी त्याने पालात नेली असा माझा पक्का शक आहे. शेवटचं वाक्य तळाच्या ओळीला अगदी चेपून लिहिलेलं होतं, कारण ती ओळ आधीच तिथे बसलेली होती. त्याखाली अंगठा.

"म्हातारी समोर बसली होती असं तो म्हणतो," मी म्हणालो. "ही म्हणते आत गेले होते."

मुन्शीजींनी चष्मा काढला. "अमीनसाब, एक बार आप खुद पूछ लेते तो..."

"मुन्शीजी, इतकं स्वच्छ लिहिलंय तुम्ही. आणखी काय विचारायचं?"

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला आणि कागद फायलीत लावला. त्यांच्या त्या अर्ध्या वाक्याकडे मी लक्ष दिलं नाही. मॅजिस्ट्रेटनी जबाब पाहिला, अंगठा पाहिला, तळाची ओळ पाहिली आणि कोठडी वाढवून दिली.

तोपर्यंत टाकीवाल्याची बायको ठाण्यासमोर येऊन बसली होती. माळावरची बाकीची पालं पुढे निघून गेली, ती मागे राहिली. जमादार तिला हाकलायला गेला.

"इथं बसू नको बाई. जा आपल्या पालात."

"कुठल्या? तुमी उकरला त्यात?"

"बाजूला तरी सरक. साहेबाची वाट हाय."

"सरकते की. पर अण्णा, तुमचं ते मागलं जातं बघितलं म्या. गुळगुळीत झालंय. पीठ न्हाई, भरडा खायलाव तुमी. म्हणून तर डोकी चालंनात."

शिपाई हसले आणि जमादारालाही हसू आवरलं नाही. टाक्या जप्त होत्या, मुद्देमालात. पण तिच्या ओटीत एक तुटकी टाकी होती. तिने सरळ मागे जाऊन जातं उघडलं आणि कामाला बसली. "फुकट न्हाई," तिने बजावलं. "पायलीभर जवारी घीन." ती दोन तास टाकी मारी, मग थांबे, मग पुन्हा सुरू करी. चार दिवस कचेरीत बसलं की भिंतीपलीकडून टक, टक, टक ऐकू येई. हवालातीतला माणूस ती टकटक ऐकत गजांना टेकून बसलेला असे. जातं टाकवायला चार दिवस लागत नाहीत, हे मलाही कळत होतं.

दहाव्या दिवशी मी मागे गेलो. ती भुगा झाडत होती.

"झालं का काम?"

"कवाच झालंय."

"मग जा आता. इथं बसून काही होणार नाही."

तिने मान वर केली. "साहेब, तुमी त्येला इचारलंव. मला इचारलंव. पाटलाला इचारलंव. त्या म्हातारीला इचारलंव का?"

"तिचा जबाब आहे. कागदावर."

"कागूद ऱ्हाऊ द्या. तिनं आमास्नी ताक पाजलं. आपल्या हातानं भाकर दिली. म्हणली, मालक गेला, आता जातं तरी बोलतं ठिवते घरात. ती समोरनं उठली न्हाई, साहेब. तिच्या तोंडून मला ऐकू द्या, की माजा धनी चोर हाय. मंग खुशाल घिऊन जावा त्येला बीदरला. म्या पाल उचलून निघून जाते."

मी कचेरीत येऊन तो जबाब पुन्हा काढला. चेपून लिहिलेलं शेवटचं वाक्य पाहिलं. मग मुन्शीजींना विचारलं, "हा तुम्ही तिला वाचून दाखवलात का?"

मुन्शीजी उभे राहिले. माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठा माणूस. "नहीं, अमीनसाब."

"ती बोलली ते तुम्ही ऐकलंत?"

"बाई दरवाजे के पीछे थी. बेटा बोला, मैं लिखा."

जमादार दारात उभा होता. तो म्हणाला, "तशीच रीत हाय की साहेब. नवरा गेलेली बाई परक्या मानसासमोर येत न्हाई. थोरला ल्योक तिच्या वतीनं सांगतो. अंगठा आतून आला. सगळ्याच बायांचं तसंच घेतो आपण."

सगळ्याच बायांचं तसंच. मी या ठाण्यात आल्यापासून वाचलेला एकेक जबाब मला आठवू लागला. विधवा, सुना, सासवा. त्या कागदांवरच्या बायका इतक्या स्वच्छ, इतक्या नेमकं आपल्या मुलांच्या आणि दिरांच्या सोयीचं बोलत होत्या. रयतेचं ऐकणारं राज्य आणायला निघालेला मी, मला एकदाही वाटलं नाही की यांतल्या एकीचा तरी आवाज आपण ऐकलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या गावाला गेलो. मी, जमादार, मुन्शीजी, आणि टाकीवाल्याची बायको. पोलीस पाटलांना आणि मठाच्या अय्यांना, म्हणजे मातीचे विधी करणाऱ्या जंगम स्वामींना, बोलावून घेतलं. थोरला मुलगा दारात आडवा उभा राहिला. धाकटा मागे ओसरीच्या खांबाला टेकून होता. दोघे भाऊ एकमेकांकडे बघत नव्हते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

"आई बाहेर यायची न्हाई," थोरला म्हणाला. "दुखवटा हाय. सुतक हाय."

इथे जमादार कामाला आला. "अण्णा, आपल्यात सुतक कुठलं? लिंग धरलेल्याला सुतक न्हाई, हे मी तुला सांगू?"

अय्यांनी मान हलवली. थोरला दारातून बाजूला झाला. म्हातारी स्वतःच बाहेर आली आणि उंबऱ्याजवळ बसली. पांढऱ्या कपाळाची, बारीक चणीची. तिने आधी टाकीवाल्याच्या बायकोला ओळखलं. "का गं अक्का, तुज्या मालकाला आणलं न्हाईस?" तिने विचारलं. ती बाई माझ्याकडे बघत राहिली.

मी मुन्शीजींना वाचायला सांगितलं. ते उर्दूत एकेक वाक्य वाचत, जमादार ते कन्नडात सांगे. पहिल्या वाक्याला म्हातारीने भुवया आकसल्या. दुसऱ्या वाक्याला, मी पाणी आणायला आत गेले, तिने हात वर करून थांबवलं.

"हे कुनाचं वाचायलाव?"

"तुमचंच आहे, आई," मी म्हणालो. "तुमचा अंगठा आहे."

"अंगठा माजा आसंल. पोरानं बोट धरून लावला. म्हणला, चांदी घावायसाठी पायजे." तिने थोरल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पर म्या कवा बोलले? मला कुनी इचारलंच न्हाई."

"आता विचारतोय. करडगी कुठे आहे?"

तिने दोन्ही मुलांकडे एकदा पाहिलं. मग जमादाराकडे वळून कन्नडात बोलू लागली, हळू, पण न थांबता. जमादार सांगत गेला. मातीच्या दिवशी मालकाला, लिंगायतांच्या रितीप्रमाणे, समाधीसाठी बसवलं होतं. अय्यांनी त्यांच्या डाव्या तळहातावर लिंग ठेवलं. करडगी मोकळी झाली. रीत अशी, की डबी घरात राहते. पण ओसरीवर मुलगे कुजबुजत होते. आटवायची की तशीच ठेवायची, ठेवायची तर कोणी. बाप अजून उचलला नव्हता. तिने डबी पदराआड घेतली, शाल सारखी करायच्या निमित्ताने वाकली आणि मालकाच्या मांडीवर, शालीच्या आत सरकवली.

शेवटचं वाक्य ती जमादारासाठी न थांबता स्वतःच आम्हाला कळेल असं बोलली. "त्येचा पालु म्या त्येला दिला. जल्मभर सगळ्यांस्नी वाटत आला. त्येला कुनी दिला न्हवता."

मी अय्यांकडे पाहिलं. ते म्हणाले, "मी बघितलं होतं. मला वाटलं, घरच्यांच्या मर्जीनं आहे."

"मग आजपर्यंत बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत कुठं?"

थोरला मुलगा खाली बसला. तो ठरवून खोटं बोलला होता असं मी म्हणणार नाही. डबी दिसेना तेव्हा त्याचा शक धाकट्यावर गेला, धाकट्याचा त्याच्यावर. घर फुटेल म्हणून दोघांनी न बोलता तो शक फिरस्त्यांच्या पालावर नेऊन टाकला. आईच्या तोंडी जे घातलं ते तिचंही मत असणार, असं तो धरूनच चालला होता. आम्हीही धरून चाललो होतो.

मुन्शीजी नवा कागद घेऊन बसले. त्याच्या तळाशी काही लिहिलेलं नव्हतं. तिचं वाक्य आलं तेव्हा त्यांची लेखणी थांबली. उर्दूत लिहिलं तर पे, अलिफ, लाम ही तीच तीन अक्षरं येणार होती, जी पहिल्या कागदावर होती.

"पाल लिखूं, अमीनसाब?"

"तिला विचारा," मी म्हणालो.

मुन्शीजी त्या मुलखात जन्मापासून राहिलेले. त्यांना कन्नड पालु माहीत नव्हता असं नाही. तरी त्यांनी म्हातारीकडे वळून नमस्कार केला आणि मोडक्या कन्नडात विचारलं, अम्मा, काय लिहू. तिने पुन्हा सांगितलं. वाटणी. त्याच्या हक्काची. त्यांनी तो शब्द लिहिला आणि पुढे तिने सांगितलेला अर्थही लिहिला. सगळं परत वाचून दाखवलं. एका ठिकाणी तिने दुरुस्ती केली, शाल पांढरी नव्हती, भगवी होती. ती दुरुस्ती केली, तिने मान डोलावली, आणि मग मुन्शीजींनी तळाची ती ओळ लिहिली.

समाधी उकरायची नाही असं मी ठरवलं. अय्यांचा जबाब पुरेसा होता आणि मॅजिस्ट्रेटनी तो मान्य केला. टाकीवाला त्याच संध्याकाळी सुटला. त्याच्या टाक्या मोजून परत दिल्या. मला वाटलं होतं तो शिव्या देईल, किंवा पाया पडेल. त्याने यातलं काही केलं नाही.

"साहेब, एक कागूद द्या," तो म्हणाला. "सुटलो म्हणून. न्हाईतर पुढल्या गावात ह्याच चोरीपायी परत धरतेत."

मी लिहिला. तो माझ्या हातातून घेईना. म्हणाला, "वाचा." मी वाचला. "परत वाचा." मी परत वाचला. मग त्याने आणि त्याच्या बायकोने त्यात काय लिहिलंय ते मला आपल्या शब्दांत म्हणून दाखवलं, आणि मगच तो कागद टाक्यांच्या पिशवीत ठेवला. जमादाराने तिला जातं टाकवल्याची पायलीभर जवारी मोजून दिली. तिने मापाच्या काठावरून हात फिरवून पाहिला आणि गाठोडं उचललं.

एक गोष्ट राहिली. वरिष्ठांना अहवाल द्यायचा होता. ते भले गृहस्थ होते, माझं नुकसान होऊ नये असं त्यांना वाटत होतं. त्यांनी सुचवलं: "असं लिहा की पाल या शब्दाचे या भागात अनेक अर्थ असल्यामुळे जबाब समजण्यात चूक झाली. सरहद्दीवर अशा गोष्टी व्हायच्याच."

छान सबब होती. कोणाच्याही नोकरीला धक्का लागला नसता. पण ती खोटी होती. पहिल्या जबाबातला पाल मुलाचा होता आणि त्याला तंबूच म्हणायचं होतं. दुसऱ्यातला पालु आईचा होता आणि तिला वाटणी म्हणायची होती. दोघांच्याही म्हणण्यात तसूभर घोटाळा नव्हता. चूक इतकीच होती की मुलाच्या शब्दाखाली आईचा अंगठा होता. पहिल्या दिवशी उंबऱ्यापाशी जाऊन तिला दोन प्रश्न विचारले असते, तर त्या शब्दाचे शंभर अर्थ असते तरी काही बिघडलं नसतं.

मी तसं लिहिलं. जबाब बाईकडून घेतलेला नव्हता. वाचून दाखवलेला नव्हता. तळाची ओळ आधी लिहिलेली होती, आणि ही रीत मला माहीत होती. माझ्या नोकरीच्या पुस्तकात शेरा आला आणि वर्षाच्या आत बदली झाली. मुन्शीजींवर ठपका येऊ नये म्हणून अहवालातली ती शेवटची कबुली मी एकट्या माझ्या नावावर घेतली. त्यांना ते आवडलं नाही. निरोपाच्या दिवशी ते म्हणाले, "आपने मुझे बचाया, ठीक. पर मेरे हाथ की लकीर थी, साब. मुझे भी नाम लिखने देते." तेही मी त्यांना विचारलं नव्हतं.

भाषांवरून भांडणारे लोक त्यानंतर मी खूप पाहिले. राज्याच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या, तो मुलूख एका बाजूला गेला, माझं गाव दुसऱ्या. प्रत्येकाला वाटतं, कागद आपल्या भाषेत झाला की न्याय आपोआप येईल. कागद आपल्या भाषेत व्हायलाच हवा, त्यासाठी मीही भांडेन. पण त्या गावात उर्दूऐवजी कन्नडात किंवा मराठीत ती ओळ आधी लिहून ठेवली असती, तर टाकीवाला बाराव्या दिवशीही आतच असता.

आज तुम्ही पोलीस नसाल. पण तुमच्या घरात कधी तरी एखाद्या म्हाताऱ्या आईचा अंगठा वाटणीच्या कागदावर घेतला जाईल. तुमच्या कचेरीत कोणी मजूर खिडकीशी उभा राहील आणि फुलीची खूण दाखवून तुम्ही त्याला म्हणाल, इथे सही करा. तेव्हा एवढं करा. कागद त्याच्या भाषेत मोठ्याने वाचा. मग थांबा, आणि त्यात काय आहे ते त्याला त्याच्या शब्दांत सांगायला लावा. त्याने शाल भगवी होती म्हटलं, तर पांढरी खोडा. आणि तळाची ओळ सगळ्यांत शेवटी लिहा.